पालकगट : आईबापांना आधार, बालकांना अभय

प्राथमिक शाळेत येणारे मूल एकटे येत नाही. त्याच्या दप्तराबरोबर त्याच्या घरातील सुखदुःखही शाळेत येत असते. रात्री घरात भांडण झाले असेल तर सकाळी ते मूल येणारे पाढेही विसरते. घरी मार बसला असेल तर शिक्षकांनी फळा पुसण्यासाठी हात उचलला तरी ते अंग चोरते. अनुभवी शिक्षकाच्या नजरेतून या गोष्टी सुटत नाहीत. परंतु 'हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे, त्यात आपण काय करणार?' असे म्हणून आपण पुढील धड्याकडे वळतो. शिक्षकाला या बाबतीत पुष्कळ करता येण्याजोगे आहे, आणि त्याचे साधनही बहुतेक शाळांजवळ आज तयार आहे, हे शिक्षक बंधुभगिनींच्या ध्यानी आणून द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे साधन म्हणजे शाळेचा पालकगट. काही गावी तो महिन्याकाठी शाळेच्या व्हरांड्यात भरतो, काही गावी तो केवळ मोबाइल फोनवरच असतो, तर काही ठिकाणी दोन्ही प्रकारे चालतो. आज बहुतेक ठिकाणी या गटाचा उपयोग सूचना देण्यापुरताच होतो : उद्या सुट्टी आहे, गणवेश आणावा, आधार कार्डाची प्रत द्यावी. हाच गट अडचणीत सापडलेल्या आईबापांना वेळीच आधार देणारा झाला, तर अनेक बालकांचा मार आणि हेळसांड टळू शकेल. तो तसा कसा करावा व त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा येथे क्रमाने विचार करू.

१. प्रश्नाचे स्वरूप

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांसंबंधी एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांना प्रत्यक्ष विचारून तो सिद्ध करण्यात आला होता. दर तीन बालकांपैकी दोघांना शारीरिक मारहाण सोसावी लागते, असे त्यात आढळून आले. घरात ज्यांना मार बसला, त्यांपैकी ८८.६ टक्के बालकांच्या बाबतीत मारणारे हात जन्मदात्या आईबापांचेच होते. शाळेत जाणाऱ्या बालकांपैकी ६५ टक्के बालकांनी शाळेतही शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. हा दुसरा आकडा आपणां शिक्षकांना उद्देशून आहे, हे विसरून चालणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे. ज्याच्या हाती छडी आहे, त्याने पालकांना संयमाचा उपदेश करणे व्यर्थ होय.

बालकांशी होणारे दुर्वर्तन एकाच प्रकारचे नसते. मारहाण हा त्याचा ठळक प्रकार होय. 'तू जन्मलाच नसतास तर बरे झाले असते' यांसारखे शब्द, सतत टाकून बोलणे, इतरांदेखत पाणउतारा करणे, हा मानसिक छळ होय. वेळेवर अन्न, औषध, स्वच्छता व देखरेख न मिळणे ही हेळसांड होय. लैंगिक अत्याचार हा सर्वांत गंभीर प्रकार, आणि तोही पुष्कळदा परिचितांकडूनच होतो. यांपैकी कोणत्या प्रकारांत पालकगटाचा उपयोग आहे आणि कोणत्या प्रकारांत मुळीच नाही, हा भेद शिक्षकाच्या मनात आरंभीच स्पष्ट असला पाहिजे. त्याचे विवेचन पुढे येईल.

२. पालक कठोर का होतो

आपल्या मुलाचे वाईट व्हावे अशी इच्छा करणारे आईबाप क्वचितच आढळतील. मग हात का उठतो? पुष्कळदा त्याचे कारण मुलाच्या वागण्यात नसून पालकाच्या मनावरील ताणात असते. पावसाने दगा दिला, सोयाबीनचा भाव पडला, सावकाराचा निरोप आला, नवरा पिऊन आला. आणि त्याच वेळी मुलाच्या हातून दुधाचे भांडे सांडले. वड्याचे तेल वांग्यावर निघते, ते असे. दुसरे कारण अज्ञानाचे. चार वर्षांचे मूल एका जागी तासभर बसू शकत नाही, सहा वर्षांचे मूलही कधी अंथरूण ओले करते, याला खोडी म्हणत नाहीत, हे पुष्कळ पालकांना कोणी सांगितलेलेच नसते. तिसरे कारण सवयीचे. ज्याला लहानपणी मारूनच शिकविले, त्याला दुसरी रीत ठाऊक नसते. चौथे कारण एकटेपणाचे. सासरी नव्याने आलेली तरुण आई, पत्नीच्या निधनानंतर मुले सांभाळणारा बाप, मुलगा व सून कामासाठी परगावी गेल्यामुळे नातवंडे सांभाळणारी म्हातारी आजी, यांना मन मोकळे करण्यास कोणीच नसते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर हे ताण काल्पनिक नाहीत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व वर्धा यांच्याबरोबर बुलढाणा जिल्हाही होता. धाड हे बुलढाणा तालुक्यातील, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळचे, बाजारपेठेचे गाव. भोवतालच्या खेड्यांतील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. अशा भागात ज्या वर्षी पीक बुडते, त्या वर्षी घराघरांतील बोलणे तुटक होते आणि त्याचा पहिला चटका घरातील सर्वांत दुबळ्या जिवाला बसतो. 'आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना' अशी त्या मुलाची गत होते. कारण तक्रार कोणाची करावयाची व कोणाकडे, हे त्याला कळत नाही.

पालक स्वतः याविषयी बोलत नाही, याचेही कारण आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही आपली घरगुती नीती. म्हणूनच पालकाला उपदेश करणारा भेटण्याआधी ऐकून घेणारा भेटला पाहिजे. आणि तो ऐकून घेणारा त्याच्यासारखाच दुसरा पालक असेल, तर मूठ लवकर उघडते.

३. इतरत्र झालेले कार्य

हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे कार्य करीत असतानाच ओळखले होते की, मुलांना शिकविण्याइतकेच आईबापांशी बोलणेही अगत्याचे आहे. 'शिक्षणपत्रिका' हे त्यांचे मासिक शिक्षकांइतकेच पालकांसाठीही होते. पुढे १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण भागातील बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व अनुताई वाघ यांनी त्यांना आयुष्यभर साथ दिली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून त्यांची अंगणवाडी जन्मास आली. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून 'अंगणवाडी' हा शब्द घरोघर पोहोचला. आपल्या विषयासाठी त्यातून घ्यावयाचा बोध हा की, जो आपल्याकडे येऊ शकत नाही, त्याच्या अंगणात आपण गेले पाहिजे. आज अनेक पालकांच्या बाबतीत ते अंगण हातातील फोनमध्येही आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७० च्या सुमारास एका मातेने, आपल्या हातून आपल्याच मुलीला इजा होत आहे हे ओळखून, एका समाजकार्यकर्त्याच्या साहाय्याने तशाच अडचणीतील पालकांची बैठक सुरू केली. त्यातून 'पेरेंट्स ॲनॉनिमस' ही संस्था उभी राहिली. तेथील पद्धती साधी होती : पालकांनी एकमेकांचे ऐकावयाचे, कोणी कोणाला दूषण द्यावयाचे नाही, आणि राग अनावर झाला म्हणजे मुलावर हात टाकण्याआधी गटातील सोबत्याला फोन करावयाचा. फोनचा असा उपयोग मोबाइल येण्यापूर्वीचा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अशा कार्याचा परिणाम मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील ४० खेडी व वस्त्यांमधील ५५२ कुटुंबांवर केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ही कुटुंबे गरीब होती व त्यांत दहा वर्षांवरील मुले होती. स्थानिक स्त्री-पुरुषांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी आठवड्यातून एकदा, अशा १४ बैठका घेण्यात आल्या. मुलाचे कौतुक कसे करावे, रागाच्या वेळी काय करावे, घरखर्चाचा मेळ कसा घालावा, अशा विषयांवर तेथे बोलणे होई. काही महिन्यांनंतर पाहिले असता मारहाण व छळ कमी झाल्याचे आढळले; पालकांच्या मनावरील ताण व व्यसनेही कमी झाली होती. हेळसांडीत मात्र फरक दिसला नाही. हा शेवटचा निष्कर्ष आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. नुसत्या बोलण्याने राग आवरता येतो, परंतु चूल पेटत नाही. जेथे हेळसांडीचे मूळ दारिद्र्यात आहे, तेथे पालकाला शासकीय योजनेपर्यंत नेऊन पोहोचविणे हेच खरे साहाय्य होय.

४. आपल्या हाती असलेले साधन

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा आपल्या शिक्षकांनी पालकांचे फोन क्रमांक जमवून व्हॉट्सॲपवर गट केले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्या वेळी सुरू केलेली दैनंदिन अभ्यासमाला याच मार्गाने घरोघर गेली. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे छोटे गट तयार झाले. प्रत्येक गटास एक पुढाकार घेणारी माता, आठवड्याला फोनवर येणारी एक लहानशी चित्रफीत, आणि त्यावरून मातांनी घरी मुलांकडून करून घ्यावयाच्या कृती, असे त्याचे स्वरूप होते. चार यत्ताही न शिकलेल्या मातांनी घरातील धान्य, बटणे, पाने घेऊन मुलांना मोजणी व वर्गीकरण शिकविले. ही गोष्ट लहान नाही. ज्या माता मुलाच्या अभ्यासासाठी एकत्र येऊ शकतात, त्या एकमेकींच्या अडचणीसाठीही एकत्र येऊ शकतात. 'गाव करील ते राव काय करील' ही म्हण येथे खरी ठरते.

तेव्हा नवी समिती, नवी नोंदवही किंवा नवा अहवाल यांची येथे गरज नाही. असलेल्या गटाची दिशा मात्र थोडी बदलावयाची आहे.

५. गट कसा चालवावा

पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(अ) सूचनांचा गट व आधाराचा गट वेगळे ठेवावेत. सर्व पालकांच्या मोठ्या गटावर कोणीही मनातले बोलणार नाही. एका आळीतील किंवा एका वस्तीतील दहाबारा मातांचा गट पुरेसा होतो. तो प्रथम समोरासमोर बसावा. ओळख व विश्वास जमल्यावरच फोनवरील गट उपयोगी पडतो. ज्यांनी एकमेकींच्या घरचा चहा घेतला नाही, त्या फोनवर एकमेकींपाशी रडणार नाहीत.

(आ) पुढाकार घेणारी माता शहाणी असावी. ती शिकलेलीच असली पाहिजे असे नाही. जिच्या पोटात गोष्ट राहते, जी कोणाला हसत नाही, अशी माता निवडावी. ही निवड मातांनीच करावी. सरपंचाची किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाची नातेवाईक म्हणून कोणाची नेमणूक होऊ नये.

(इ) संदेश थोडे व आवाजातील असावेत. पुष्कळ पालकांना वाचणे जड जाते. शिक्षकाने किंवा अंगणवाडी सेविकेने आपल्या आवाजात एक मिनिटाचा निरोप द्यावा, आणि तो घरच्या बोलीत असावा. धाड परिसरात मराठीबरोबर उर्दू बोलणारी घरे आहेत. जिल्ह्यात अन्यत्र बंजारा तांडे आहेत. त्या त्या भाषेतील मातेकडून तो निरोप पुन्हा सांगून घ्यावा.

(ई) उपदेशापेक्षा कृती सांगावी. 'मुलांना मारू नका' असे म्हणण्याने पालक ओशाळतो, शिकत नाही. त्याऐवजी एका आठवड्याला एकच गोष्ट सांगावी. उदाहरणार्थ : आज मुलाने केलेली एक चांगली गोष्ट त्याला नाव घेऊन सांगा. दुसऱ्या आठवड्यात : दिवसातून दहा मिनिटे त्याच्याजवळ बसा, तो सांगेल तो खेळ खेळा. तिसऱ्या आठवड्यात : राग आला म्हणजे आधी माठातले पाणी प्या, दाराबाहेर चार पावले टाका आणि मग बोला. चौथ्या आठवड्यात : 'धिंगाणा करू नको' असे म्हणण्याऐवजी काय करावयाचे ते सांगा, जसे 'चप्पल जागेवर ठेव'. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व विद्यापीठांतील अभ्यासक यांनी २०२० साली साथीच्या काळात पालकांसाठी अशाच साध्या सूचना तयार केल्या होत्या व त्या जगातील शंभराहून अधिक भाषांत गेल्या.

(उ) पित्यांना वगळू नये. पुष्कळ घरांत फोन पुरुषाच्या हातात असतो. मातांच्या गटावर आलेली गोष्ट घरातील पुरुषही ऐकेल, हे गृहीत धरूनच बोलावे. एखाद्या मातेने नवऱ्याच्या मारहाणीविषयी गटावर लिहिणे तिच्याच जिवावर बेतू शकते. असे बोलणे नेहमी प्रत्यक्ष भेटीत, एकांतात व्हावे. पित्यांशी बोलण्यासाठी पारावरची किंवा दूध संकलन केंद्रावरची वेळ गाठावी. दोनचार समंजस बापांनी सुरुवात केली म्हणजे इतर येतात.

(ऊ) ज्याच्याजवळ फोन नाही, त्याच्याकडे माणूस जावे. सर्वांत अडचणीतील पालकच बहुधा गटात नसतो. हजेरीपटावर ज्याची गैरहजेरी वाढत आहे, जे मूल परगावाहून अर्ध्या वर्षात आले आहे, जे आजीजवळ राहते, अशांची नावे काढून त्यांच्या घरी गटातील मातेने आठवड्यातून एकदा चक्कर मारावी. जो गट केवळ फोनवाल्यांचा असतो, तो ज्यांना आधार हवा त्यांनाच बाहेर ठेवतो.

(ए) योजनांची माहिती खरी व पूर्ण असावी. एक पालक किंवा दोन्ही पालक नसलेल्या, अथवा कौटुंबिक संकटात सापडलेल्या बालकांसाठी महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्याखाली मिळणारे साहाय्य २०२३ साली दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. विधवा मातेला अर्ज भरून देणे, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाचा पत्ता सांगणे, कागद जमविण्यास सोबत जाणे, ही गटाची कामे होत. ज्या पालकाच्या मनावर फार ताण आहे, झोप नाही, जगणे नकोसे झाल्याचे जो बोलतो, त्याला 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते. क्रमांक नुसता पाठवून थांबू नये. शक्य तर जवळ बसून लावून द्यावा.

६. शिक्षकाचा स्वतःचा संदेश

येथे एका नाजूक गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. समजा, सायंकाळी शिक्षकाने मोठ्या गटावर लिहिले : 'इयत्ता तिसरीतील पुढील विद्यार्थ्यांनी आजही गृहपाठ केला नाही,' आणि खाली पाच नावे दिली. शिक्षकाचा हेतू निर्मळ आहे. परंतु हा संदेश साऱ्या गावाने वाचला. त्या पाचांपैकी एकाचा बाप दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आला आहे. भावकीतील कोणी त्याला पारावर हसून म्हणाले, 'तुझ्या पोराचं नाव आलंय.' त्या रात्री त्या घरात काय झाले असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मुलाच्या पाठीवरचा वळ बापाच्या हाताचा असतो, पण त्याचे निमित्त आपला संदेश असू शकतो.

म्हणून असा नियमच करावा की, मुलाविषयीची कोणतीही उणी गोष्ट गटावर जाणार नाही. ती त्याच्या पालकालाच, एकट्याला, आणि शक्य तर समोरासमोर सांगावी. सांगताना आधी मुलाचा एक गुण सांगावा व शेवटी 'याबद्दल त्याला मारू नका, आपण दोघे मिळून पाहू' असे स्पष्ट म्हणावे. गुणांची यादी, परीक्षेतील क्रम, उशिरा आलेल्यांची छायाचित्रे, याही गोष्टी गटावर टाकू नयेत. उलट कौतुक मोकळ्या हाताने करावे, आणि ते करताना नेहमी मागे राहणाऱ्या मुलांची पाळी आधी आणावी. ज्या बापाने आपल्या मुलाविषयी शाळेकडून आजवर तक्रारच ऐकली, त्याने एकदा कौतुक ऐकले म्हणजे घरातील वातावरण किती बदलते, हे करून पाहिल्यावाचून कळणार नाही.

७. गटाची मर्यादा : येथे थांबावे

गट म्हणजे पालकाला टेकण्यासाठी दिलेला ओटा होय. ती चावडी नव्हे. तेथे न्यायनिवाडा होऊ नये. ताणाने, अज्ञानाने वा सवयीने होणारी कठोरता गटाच्या आधाराने कमी होऊ शकते. परंतु मुलाच्या अंगावर चटके, जखमा अथवा वारंवार वळ दिसत असतील, मूल जिवाच्या भीतीने घरी जाण्यास नाकारत असेल, किंवा लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असेल, तर तो विषय गटाचा राहत नाही. तो कायद्याचा होतो, आणि तेथे विलंब करणे म्हणजे मुलाला पुन्हा त्याच हातात देणे होय.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध झाल्याचे कळलेल्या, किंवा तो होईल अशी धास्ती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलिसांनी ते चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवावयाचे असते. 'गावाचे नाव खराब होईल', 'मुलीच्या लग्नाला अडचण येईल' म्हणून प्रकरण बैठकीत मिटविण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला नाही, सरपंचाला नाही आणि पालकगटालाही नाही. घरातील क्रूरतेविषयी बाल न्याय अधिनियम, २०१५ याचे कलम ७५ आहे. ज्याच्या ताब्यात बालक आहे, त्याने त्याला मारहाण, छळ वा जाणूनबुजून हेळसांड केल्यास तो शिक्षेस पात्र होतो.

साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १९९६ साली सुरू झालेली ही बालकांची दूरध्वनी सेवा पुढे देशभर पसरली, आणि २०२३ पासून ती शासनाच्या यंत्रणेमार्फत चालविली जाते. तो क्रमांक लावण्यास पैसे पडत नाहीत व मूल स्वतःही तो लावू शकते. शाळेतील सखी सावित्री समितीची तरतूद शासनाने २०२२ साली केली आहे; तिची बैठक केवळ कागदावर होऊ नये.

दुसरी मर्यादा गुप्ततेची. पीडित बालकाचे नाव, छायाचित्र, शाळा, गाव, म्हणजे ज्यायोगे ते ओळखू येईल असे काहीही, प्रसिद्ध करण्यास वरील दोन्ही कायद्यांनी मनाई केली आहे. हळहळ व्यक्त करण्यासाठी म्हणूनही जखमेचे छायाचित्र गटावर टाकू नये. ते एकदा गेले की परत येत नाही, आणि मूल मोठे झाल्यावरही त्याच्यामागे फिरत राहते.

तिसरी मर्यादा अफवेची, आणि तिची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ निरपराध माणसांना ठार मारले. अशा अफवा त्या काळात फोनवरील गटांतून पसरत होत्या. मुलांच्या काळजीचेच ते संदेश होते. पण खातरजमा न केलेली काळजी माणसे मारू शकते. तेव्हा 'आलेला निरोप जसाच्या तसा पुढे' हा प्रकार पालकगटावर पूर्णपणे बंद असावा. संशय वाटल्यास पोलिसांना विचारावे, गटाला नव्हे.

८. समारोप

पालकगट हे मोठ्या खर्चाचे काम नाही. त्याला लागते ती शिक्षकाची नजर, एका शहाण्या मातेचा वेळ, आणि कोणाला कमी न लेखण्याची वृत्ती. त्याचे फळ पत्रकात भरता येणार नाही; कारण जो मार बसला नाही, त्याची नोंद कोठेच होत नसते. तथापि ते फळ शिक्षकाला वर्गात दिसते. मूल मान वर करून उत्तर देऊ लागते, चुकलेले गणित लपविण्याऐवजी दाखविते, आणि शाळा सुटल्यावर रेंगाळत न बसता घराकडे धावते.

येत्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक शाळेने तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. पहिली : मोठ्या गटावर मुलाविषयी उणी गोष्ट न लिहिण्याचा निर्णय सर्व शिक्षकांनी एकमताने घ्यावा व तो पालकांना सांगावा. दुसरी : एका वस्तीपुरता का होईना, दहाबारा मातांचा एक गट प्रत्यक्ष बसवावा. तिसरी : आपल्या शाळेतील ज्या पाच मुलांच्या घरची काळजी वाटते, त्यांच्या पालकांना शिक्षकाने स्वतः जाऊन भेटावे, भेटीत काहीही मागू नये व काहीही शिकवू नये, केवळ 'कसे चालले आहे?' एवढे विचारावे आणि ऐकून घ्यावे. परिषदेत त्यावर अनुभवांची देवघेव व्हावी. नावे मात्र कोणाचीही घेऊ नयेत.